सोफा वाचवायचा तर मांजरीला खांब द्या

मांजर सोफा ओरबाडते ती खोडी म्हणून नव्हे. त्यातून नखांवरचं जुनं कवच सुटतं, अंग ताणलं जातं आणि पंजातल्या ग्रंथींचा वास तिथे राहतो. ‘ही जागा माझी’ असं सांगायची ती तिची पद्धत. त्यामुळे ओरडून काही होत नाही. फार तर ती तुमची पाठ वळायची वाट बघते.

तिला ओरबाडायला खांब द्या, पण तो उंच हवा. मोठं मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणलं जाईल इतका, म्हणजे साधारण ८० ते ९० सेंटिमीटर. आणि तळ जड. खांब एकदा जरी डुगडुगला तरी बाईसाहेब पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाहीत. बाहेरून जाड सुतळी किंवा काथ्या घट्ट गुंडाळला की झालं. काहींना उभ्यापेक्षा आडवं आवडतं. त्यांच्यासाठी जाड पुठ्ठा जमिनीवर टाका.

खरी चूक जागेत होते. खांब दिसायला बरा नाही म्हणून आपण तो कोपऱ्यात लपवतो. तो सोफ्याला खेटून किंवा तिच्या झोपायच्या जागेजवळ ठेवा, कारण उठल्याउठल्या तिला आळस द्यायचा असतो. सवय लागेपर्यंत सोफ्याच्या कडेला दुहेरी चिकटपट्टी लावा. तिचे पंजे धरून खांबावर घासू नका, त्याने ती बिथरते. त्यापेक्षा दोरी खांबावर नाचवा.

आणि खांबाच्या चिंध्या झाल्या म्हणून लगेच फेकू नका. तिला तोच आवडतो.