अमेरिकेतली एअर ब्रेकची लेखी परीक्षा: आकडे घोकू नका, हवेच्या मागे जा

माझा मावसभाऊ बरीच वर्षं चाकण ते जेएनपीटी ट्रेलर चालवायचा, आता वहिनीमुळे न्यू जर्सीला गेलाय आणि तिथं सीडीएल, म्हणजे मोठ्या गाड्यांचं लायसन काढतोय. एअर ब्रेकच्या लेखी परीक्षेला बसला आणि पहिल्याच वेळी नापास, बोरघाट झोपेत उतरेल असा माणूस! मी भोसरीला गॅरेजमध्ये ब्रेकचंच काम करतो, मग रोज रात्री व्हॉट्सॲपवर आम्ही दोघं बसलो आणि दुसऱ्या वेळी पठ्ठ्या पास झाला.

आधी हिशोब. बहुतेक राज्यांत 25 प्रश्न असतात, 20 बरोबर यावे लागतात. ही परीक्षा टाळली तर लायसनवर 'एल' असं बंधन पडतं, म्हणजे एअर ब्रेकची गाडी चालवायची नाही, मग ते लायसन काय पूजेला ठेवायचं का? पुस्तक एकच, त्या राज्याचं सीडीएल मॅन्युअल, नेटवर फुकट मिळतं, त्यातलं पाचवं प्रकरण. यूट्यूब नंतर.

आता मेन गोष्ट. एक कोरा कागद घ्या आणि हवा कुठून निघते, कुठं जाते ते काढा: कॉम्प्रेसर, गव्हर्नर, टाक्या, पेडल, चेंबर (आपण बूस्टर म्हणतो तो), स्लॅक ॲडजस्टर (चेंबरचा दांडा ज्याला ढकलतो तो हात), एस-कॅम (त्या हातानं फिरणारा 'एस' आकाराचा कॅम), शेवटी लायनर आणि ड्रम. स्वारगेटला बस उभी असताना मधेच फुस्स करते ना, ते म्हणजे टाकी भरली, गव्हर्नरनं कॉम्प्रेसरला थांब म्हटलं आणि ड्रायरनं, म्हणजे हवा सुकवणाऱ्या डब्यानं, आतलं पाणी बाहेर फेकलं. हे कळलं की कट-आउट, म्हणजे कॉम्प्रेसर हवा भरायचं थांबवतो तो दाब, वेगळं पाठ करावं लागत नाही.

मग आकडे, जिना उतरल्यासारखे वरून खाली. 150 ला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, 125 च्या आसपास कट-आउट, 100 च्या आसपास कट-इन (कॉम्प्रेसर परत हवा भरायला लागतो), 60 च्या खाली जायच्या आत हवा कमी असल्याची वॉर्निंग (काही पुस्तकांत 55 आहे, तुमच्या राज्याच्या पुस्तकात जे असेल तेच लिहायचं), आणि 45 ते 20 मध्ये स्प्रिंग ब्रेक (पार्किंगचे) आपोआप लागतात. हे सगळं पीएसआय या हवेच्या दाबाच्या मापात बरं का, आपल्याला बारची सवय, 8 बार म्हणजे साधारण 116 पीएसआय, भावानं पहिल्यांदा माती खाल्ली ती इथंच.

दुसरा घोळ म्हणजे 'हवा गेली की ब्रेक गेले' हे डोक्यात बसलेलं असतं. पार्किंगची स्प्रिंग हवेनं दाबून धरलेली असते, हवा गेली की ती सुटते आणि चाकं जाम होतात. म्हणूनच स्प्रिंग ब्रेक लागलेले असताना पेडल दाबू नका असं पुस्तक सांगतं, स्प्रिंग आणि हवा दोघांचा जोर एकदम पडला तर ब्रेकचे पार्ट खराब होऊ शकतात. यावर प्रश्न येतो म्हणजे येतोच, असं समजूनच जा.

लीकेजचं सोपंय. इंजिन बंद, ब्रेक सोडलेले, एकट्या गाडीत मिनिटाला 2 पीएसआयपेक्षा जास्त उतरायला नको. ट्रेलर जोडला की एक वाढवा, पेडल दाबलं की अजून एक वाढवा. झाले 2, 3, 3, 4.

उतारावर मात्र आपल्या सवयी विसरा. कात्रजचा नवा बोगदा सुटला की नवले पुलापर्यंत डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे आपण बघतोच आणि पुढं काय होतं तेही बघतो. परीक्षेतलं उत्तर असं: उतार लागायच्या आधीच खालचा गिअर, गाडी ठरवलेल्या स्पीडला पोचली की ब्रेक दाबून 5 मैलांनी स्पीड कमी करायचा, यात साधारण 3 सेकंद जातात, मग सोडायचं, परत स्पीड वाढला की परत तेच. हलका ब्रेक दाबून धरत उतरणं हे चुकीचं उत्तर आहे, आणि जुना ड्रायव्हर नेमका त्यावरच टिक करतो.

अजून एक आकडा, 55 मैलांच्या स्पीडला हवा ब्रेकपर्यंत पोचेपर्यंतच गाडी साधारण 32 फूट पुढं जाते.

हवेची वाट काढलेला तो कागद पास झाल्यावरही टाकू नका, प्रॅक्टिकलला हेच सगळं गाडीत बसून, तोंडानं इंग्रजीत सांगत करून दाखवायचं असतं, भाऊ सध्या तेच आरशासमोर करतोय.