बागेचं चित्रपुस्तक दोन-तीन भाषांत कसं वाचून दाखवावं

भायखळ्याच्या आसपास गोष्टीसाठी मुलं जमवली की एका सतरंजीवर चार भाषा बसतात. लालबागची मराठी मुलं, मदनपुऱ्यातली उर्दू बोलणारी, एखादं गुजराती घर, पद्मशाली कुटुंबांतली तेलुगू बोलणारी. अशा गटाला शहरातल्या बागेचं पुस्तक फार चांगलं जमतं. खार, झोपाळा, माळीकाका, पारंब्या यांतलं काहीच कुणाला नव्याने समजावून सांगावं लागत नाही.

पुस्तक मिळवणं सोपं आहे. एकाच पानावर दोन भाषा छापलेली पुस्तकं मिळतात. नाहीतर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर एखादी गोष्ट हव्या त्या भाषांत शोधा, उतरवा आणि छापून घ्या. ती मोफत आहे आणि खुल्या परवान्याची आहे. पानावर एक-दोन वाक्यं आणि मोठं चित्र, एवढंच पाहा.

पहिल्या दिवशी काहीही वाचू नका. फक्त चित्रं दाखवा आणि मुलांना बोलू द्या. ज्याला ज्या भाषेत बोलायचं त्या भाषेत.

आता खरी अवघड पायरी, प्रत्यक्ष वाचनाची. इथे माझाही बराच काळ जम बसत नव्हता, कारण सगळीकडे एकच सल्ला मिळतो: एक वाक्य मराठीत वाचा, लगेच तेच हिंदीत, मग इंग्रजीत. हा सल्ला कृपा करून पाळू नका. दुसऱ्या-तिसऱ्या पानापर्यंत मुलांना कळतं की आपली भाषा आता येणारच आहे. मग परक्या भाषेच्या वाक्याला ती कान देत नाहीत, शेजारच्याला कोपरं मारतात आणि आपलं वाक्य आलं की तेवढ्यापुरती वर बघतात. त्यात गोष्टही मरते. खारीने एकच उडी मारायची असते, तिला तीनदा मारावी लागते आणि तिसऱ्या उडीला कुणीच हसत नाही.

एका बैठकीत एकच भाषा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. दुसरी भाषा पुढच्या बैठकीला. तेव्हा गोष्ट मुलांना ठाऊक झालेली असते, चित्र समोर असतं, त्यामुळे न कळणारा शब्दही ती अंदाजाने पकडतात. दोन भाषा एकाच पानावर असतील तर जाड कागदाची पट्टी कापून नको त्या ओळीवर धरा. वाचता येणारी मुलं नाहीतर खालची ओळ आधीच वाचून मोकळी होतात.

सुरुवात बहुतेकांच्या घरच्या भाषेपासून करा आणि इंग्रजी सर्वांत शेवटी ठेवा. यावर मी कुठलीही तडजोड करत नाही. इंग्रजी आधी आली की बाकीच्या भाषा ‘ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी’ होऊन जातात, आणि मुलांना ते फार लवकर समजतं.

वाचताना एखादं मूल अडलं तर चित्रावर बोट ठेवा, हातवारे करा. तरीही अडलं तर तेवढा शब्द त्याच्या भाषेत सांगा आणि पुढे चला. दर पानाला ‘याला हिंदीत काय म्हणतात?’ असं विचारत बसू नका. त्याने गोष्टीची परीक्षा होते. ‘ती गिलहरी झाडावर चढली’ असं कुणी म्हणालं तर वाक्य दुरुस्त करू नका. ‘हो, अगदी वर चढली!’ म्हणा आणि पान उलटा.

तुम्हाला न येणारी भाषा असेल तर त्या घरची आई किंवा आजी बोलवा. तिला वाचता येत नसलं तरी चालेल, ती चित्रं बघून गोष्ट सांगेल. मात्र ‘तू तेलुगू ना, सांग बघू सगळ्यांना’ असं म्हणून एखाद्या लहानग्याला कधीही उभं करू नका. एरवी घडाघडा बोलणारी मुलं अशा वेळी मान खाली घालतात, आणि पुढच्या वेळी येतही नाहीत. उर्दू प्रत उजवीकडून उघडते. तिला ‘उलटं पुस्तक’ म्हणू नका, कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा.

दोन भाषांत वाचून झालं की मुलांना बागेत न्या. भायखळ्याची राणीबाग बुधवारी बंद असते, बाकी दिवशी जाता येतं. पुस्तक पिशवीतच राहू द्या. पुस्तकातली खार, बाक, पारंब्या मुलांनी शोधायच्या, आणि पुस्तकात नसलेलंही बघायचं: जाडजूड बुंध्याची गोरखचिंच, 1965 साली फोर्टातून इथे आणलेला ‘काळा घोडा’ पुतळा, शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला घारापुरीचा दगडी हत्ती.

परत आल्यावर प्रत्येकाला एक कोरा कागद द्या. चित्र त्याचं, ओळ त्याच्या भाषेत. लिहिता येत नसेल तर तो सांगेल ते जसंच्या तसं लिहून घ्या, शुद्ध करू नका. ती लिपी तुम्हाला येत नसेल तर कागद घरी पाठवा, घरचं कुणीतरी लिहून देईल. सगळी पानं आली की जाड दोऱ्याने शिवा. स्टेपलरच्या पिना लहानांच्या बोटांना लागतात.