गालिच्यावरचा चिखलाचा डाग कसा काढावा

गालिच्यावर चिखल पडला की पहिलं काम म्हणजे हात आवरणं. ओलं फडकं घेऊन लगेच पुसायला बसलात, तर वीतभर डागाचा हातभर होतो. खान्देशातली काळी कपाशीची माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि धाग्यांच्या मुळाशी शिरते. वाळली की तीच आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. आकसलेली माती धागा सोडते. म्हणून चिखल पूर्ण वाळू द्या.

जाड गोळा असेल तर तेवढा चमच्याने वरच्यावर उचला, दाबू नका. डागावर कुणाचा पाय पडू नये म्हणून वर खुर्ची उभी करा. पोळ्याच्या दिवसांत घरात सारखी ये-जा असते आणि हवाही दमट, तेव्हा पंखा लावून रात्रभर थांबलेलं बरं.

वाळल्यावर चमच्याच्या पाठीने ढेकळं फोडा, कोरड्या ब्रशने धागे मोकळे करा आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन दिशांनी फिरवा. तो नसेल आणि गालिचा उचलता येत असेल, तर अंगणात दोरीवर टाकून मागच्या बाजूने काठीने झोडपा. बहुतेक माती इथेच निघते, त्यामुळे हे काम उरकू नका.

उरलेल्या छटेसाठी कपभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे थोडेसे थेंब, फार तर पाव चमचा. साबण जास्त झाला तर धाग्यात राहतो आणि पुढे धूळ धरतो. आधी कोपऱ्यात लावून रंग सुटत नाही ना ते पाहा. फडकं पांढरं, सुती घ्या, घट्ट पिळा आणि डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत जा. घासायचं नाही. फडक्यावर माती उमटणं थांबलं की साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढा आणि कोरड्या टॉवेलने दाबून पाणी शोषून घ्या.

लोकरी गालिच्याला थंड पाणी वापरा. धुण्याचा सोडा आणि ब्लीच त्याच्या आसपासही नको. सुती सतरंजीचे एवढे लाड नकोत: रंग पक्का असेल तर झटकायची आणि सरळ धुवायची.

शेवटी कड उचलून खालून वारा लागू द्या. ज्यूटचं अस्तर भिजून राहिलं तर वाळताना तपकिरी डाग वर येतो, आणि लोक पुन्हा चिखलालाच दोष देतात.

रावेर-यावलकडच्या घरांत आणखी एक भानगड असते. केळीच्या बागेतून आलेल्या पायांबरोबर, कपड्यांबरोबर चीकही येतो. माती गेल्यावर काळपट तपकिरी डाग तसाच राहिला, तर तो चिकाचा असण्याची शक्यता मोठी. त्याला साबण दाद देत नाही आणि घासून घासून फक्त धागा पिसारतो. गालिचा महागाचा असेल तर धुलाईवाल्याला दाखवा. नसेल तर फिरवून ती बाजू सोफ्याखाली घाला.