फी बघून कॉलेज सोडू नका : स्कॉलरशिपच्या नादात होणाऱ्या या चुका टाळा

इंजिनिअरिंगसारख्या कोर्सच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा निकाल लागला की सातारा काय न् सांगली काय, घरोघरी कॉलेजचा फी चार्ट फिरायला लागतो आणि तो आकडा बघूनच बरेच पालक म्हणतात, हे आपल्याला झेपायचं नाही, दुसरं बघू. सगळ्यात मोठी चूक ती हीच. चार्टवरची फी वेगळी आणि तुमच्या खिशातून जाणारी वेगळी, ते ठरतं घरचं उत्पन्न, कॅटेगरी आणि ॲडमिशन कुठल्या मार्गानं घेतलं यावर.

"आपण काय गरीब नाही, आपल्याला कोण देतंय" असं म्हणून फॉर्मच न भरणारे तर कितीतरी. अहो, राजर्षी शाहू शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा वर्षाला 8 लाख आहे, म्हणजे कारखान्यात क्लार्क असलेल्या माणसाचं घरसुद्धा त्यात बसू शकतं. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून ॲडमिशन असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फीचे 50 टक्के सरकार भरतं. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना तर 2024-25 पासून प्रोफेशनल कोर्सला याच मर्यादेत 100 टक्के. समजा ट्यूशन फी 90 हजार आणि डेव्हलपमेंट फी 10 हजार असेल, तर ओपनच्या मुलाचे 45 हजार वाचतात, ओबीसी मुलीचे 90 हजार, पण डेव्हलपमेंटचे 10 हजार भरावे लागतात, ते आधीच धरून चला. हॉस्टेल, मेसचा खर्च वेगळा. एससी विद्यार्थ्यांना अडीच लाखांच्या आत फी सोबत निर्वाह भत्ताही मिळतो, आणि उत्पन्न त्याच्या वर गेलं तरी फ्रीशिप, म्हणजे फी माफी असते, हे माहीत नसल्यामुळे लोक अर्जच करत नाहीत याचं फार वाईट वाटतं.

आता टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीची योजना. यात ट्यूशन फी पूर्ण माफ, तीही कोर्स संपेपर्यंत, कुठल्याही कॅटेगरीला, मर्यादा तीच 8 लाखांची. 5 टक्के जादा जागा असतात आणि मेरिट लागतं. चूक कुठं होते, तर याचा चॉइस कोड (कॉलेज आणि ब्रँचचा नंबर) वेगळा असतो, शेवटी टी असलेला, आणि पोरं ऑप्शन फॉर्ममध्ये नुसता साधा कोड टाकून मोकळी होतात, मग मार्क असूनही सीट हातची जाते. टी वाला कोड साध्याच्या वर टाका. फक्त एक ध्यानात ठेवा, या सीटवर नंतर ब्रँच किंवा कॉलेज बदलता येत नाही.

कॉम्प्युटरच पाहिजे म्हणून हातातली कॅपची सीट सोडून मॅनेजमेंट कोट्यात जाणारेही आहेत. तिथं शाहू शिष्यवृत्ती मिळत नाही, चारही वर्षं पूर्ण फी, हा हिशोब त्याच दिवशी करा!

पैसे अडकतात ते बहुतेक बँकेमुळं. आधार खात्याला जोडलंय म्हणजे झालं असं नाही, डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे ज्या खात्याला आधार सीडिंग (ते पैसे याच खात्यात घ्यायची नोंद) आहे तिथंच जातात, मग ते कधीतरी उघडलेलं जनधन खातं का असेना. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, बघून घ्या. मार्कशीट, आधार, दाखला या तिन्हींवर नाव एकसारखं पाहिजे. उत्पन्नाचा दाखला ॲडमिशनच्या गर्दीत काढू नका, तेव्हा सेतूत उभं राहायला जागा नसते. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज केला म्हणजे काम संपलं असंही नाही, कॉलेजनं त्रुटी काढून परत पाठवला असेल तर दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागतो, आणि दरवर्षी रिन्यूअल भरायचं असतं, दुसऱ्या वर्षी नेमकं हेच करायचं राहून जातं.

उत्पन्न 8 लाखांच्या वर असेल तर यातलं फारसं काही मिळत नाही, पण पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या योजनेतून निवडक चांगल्या संस्थांसाठी तारण न देता कर्ज मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. 8 लाखांच्या आत असाल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष व्याजात 3 टक्के सवलतही मिळू शकते. म्हणून कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी आपलं कॉलेज त्या यादीत आहे का ते बँकेत विचारा.