इंग्रजीतली गौणवाक्यं लिहिताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांना गौणवाक्याची (दुसऱ्या, प्रधान वाक्यावर अवलंबून असणाऱ्या वाक्याची) व्याख्या विचारा, बहुतेकांना ती तोंडपाठ असते. नाउन क्लॉज (नामवाक्य), अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज (विशेषणवाक्य), अ‍ॅडव्हर्ब क्लॉज (क्रियाविशेषणवाक्य) ही तीन नावंही पटापट येतात. गाडी अडते ती स्वतःचं वाक्य लिहायला घेतल्यावर. आणि तिथं होणाऱ्या चुका विस्कळीत नसतात. वर्षानुवर्षं त्याच त्या पाच-सहा चुका वहीत दिसतात, कारण त्यांचं मूळ आपल्या बोलण्यात आहे.

मराठीत दोन वाक्यं जोडताना आपण बहुधा दोन्ही बाजूंना गाठ मारतो: जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जो–तो. कन्नडमध्ये, आणि तिच्या शेजारानं आपल्या सीमाभागातल्या मराठीतही, जोडशब्द बऱ्याचदा वाक्याच्या शेपटाला येतो: ‘येतो म्हणून’, कन्नडमध्ये ‘बर्तीनि अंत’. इंग्रजीत गाठ एकच असते आणि ती गौणवाक्याच्या तोंडाशी असते. हा फरक लक्षात ठेवून पुढचं वाचा. इंग्रजी वाक्यं इथं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्यानं म्हणा, म्हणजे कुठे अडखळतं ते कानालाच कळतं.

एका वाक्यात दोन गाठी

“ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट द बस केम ऑन टाइम.” हे ‘जरी–तरी’चं सरळ भाषांतर आहे. ‘ऑल्दो’नं एकदा जोडल्यावर ‘बट’ला काम उरत नाही. एकतर “ऑल्दो इट वॉज रेनिंग, द बस केम ऑन टाइम” लिहा, नाहीतर “इट वॉज रेनिंग, बट द बस केम ऑन टाइम” लिहा. “बिकॉज द बस वॉज लेट, सो आय मिस्ड द फर्स्ट पीरियड” यातही तसंच आहे. ‘बिकॉज’ ठेवा किंवा ‘सो’ ठेवा.

‘इफ’ बरोबर ‘देन’ मात्र चालतं. ‘ऑल्दो’ बरोबर ‘स्टिल’ही चालतं, कारण ‘स्टिल’ हे क्रियाविशेषण आहे, जोडशब्द नव्हे.

याच्या उलट चूक म्हणजे गाठ मारायची आणि दुसरं टोक जोडायचंच नाही. प्रश्न असतो ‘व्हाय’चा आणि उत्तर असतं “बिकॉज ही हॅड लॉस्ट हिज बुक.” आणि पुढे पूर्णविराम. बोलताना हे खपतं. उत्तरपत्रिकेत ते अर्धं वाक्य आहे. प्रश्नातलाच कर्ता उचलून प्रधान वाक्य आधी लिहा: “द बॉय क्राइड बिकॉज ही हॅड लॉस्ट हिज बुक.”

‘पाऊस आला तर’ मधला ‘आला’

“पाऊस आला तर सहल रद्द होईल.” इथं ‘आला’ दिसतो भूतकाळी, पण पाऊस अजून यायचा आहे. विद्यार्थी ‘आला’चं रूप बघतो आणि लिहितो “इफ इट रेन्ड, द ट्रिप विल बी कॅन्सल्ड.” दुसरा जरा विचार करतो, की गोष्ट तर उद्याची आहे, आणि लिहितो “इफ इट विल रेन.” दोघांचाही तर्क समजण्यासारखा आहे, पण दोन्ही वाक्यं चूक. इंग्रजीत अट आणि वेळ सांगणाऱ्या गौणवाक्यात भविष्याची गोष्ट साध्या वर्तमानकाळात लिहितात. ‘विल’ फक्त प्रधान वाक्यात येतो: “इफ इट रेन्स, द ट्रिप विल बी कॅन्सल्ड.”

हाच नियम ‘व्हेन’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अंटिल’, ‘अनलेस’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ यांना लागतो. “तो आला की सांगतो” याचं इंग्रजी “आय विल टेल यू व्हेन ही कम्स.” ‘केम’ही नाही आणि ‘विल कम’ही नाही. ‘इफ’पुढे भूतकाळ घातला तर अर्थच बदलतो. “इफ ही केम, आय वुड टेल हिम” म्हणजे तो येईल असं बोलणाऱ्याला फारसं वाटत नाही.

इथं एक खाचखळगा आहे आणि हुशार मुलंही त्यात पडतात. “आय डोन्ट नो व्हेन ही विल कम” हे वाक्य बरोबर आहे. ‘व्हेन’ आहे, ‘विल’ही आहे, तरी चूक नाही. कारण इथलं गौणवाक्य वेळ सांगत नाही. ‘मला काय माहीत नाही?’ याचं ते उत्तर आहे, म्हणजे ते नामवाक्य झालं. गौणवाक्याचा प्रकार ओळखण्याचा खरा उपयोग दोन मार्कांपुरता नाही. प्रकार कळला तरच क्रियापदाचं रूप बरोबर येतं.

‘नाही’ दोनदा पडतो तेव्हा

“मी येत नाही तोपर्यंत थांब.” मराठीत हे अगदी बरोबर आहे. त्यावरून “वेट अंटिल आय डोन्ट कम” तयार होतं, आणि इंग्रजी वाचणारा बुचकळ्यात पडतो. ‘अंटिल’ला नकार लागत नाही: “वेट अंटिल आय कम.” सोपी युक्ती अशी, की इंग्रजीत लिहिण्याआधी मराठी वाक्य ‘मी येईपर्यंत थांब’ असं करून घ्या. ‘नाही’ आपोआप गळून पडतो.

‘अनलेस’च्या तर पोटातच ‘नाही’ आहे. “अनलेस यू डोन्ट पे द फी” म्हणजे नकाराला नकार. “फी भरली नाहीस तर परीक्षेला बसता येणार नाही” हे “अनलेस यू पे द फी, यू कॅनॉट सिट फॉर द एक्झाम” असं होईल. ‘लेस्ट’ (‘होऊ नये म्हणून’) याचंही तेच: “वॉक स्लोली लेस्ट यू शुड फॉल”, तिथं ‘नॉट’ नको.

‘म्हणून’ आणि ‘की’

सीमाभागातल्या मुलांच्या सर्वांत जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं थोडं थांबायला हवं. आपल्याकडे बोलताना ‘म्हणून’ हा एकच शब्द तीन कामं करतो, आणि इंग्रजीत तिन्ही कामांना वेगवेगळे शब्द आहेत.

पहिलं काम दुसऱ्याचं बोलणं सांगण्याचं. “उद्या येतो म्हणून सांगितलाय.” कन्नडमध्येही घडण अशीच: “नाळे बर्तीनि अंत हेळिद.” दोन्हीकडे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे राहतात. ‘येतो’ म्हणजे ‘मी येतो’, ‘बर्तीनि’ म्हणजेही ‘मी येतो’. मग वहीत उतरतं: “ही टोल्ड दॅट आय विल कम टुमॉरो.” हे वाक्य एकेक शब्द घेऊन दुरुस्त करू. ‘टोल्ड’ला कोणाला ते लागतं, म्हणून ‘टोल्ड मी’ करा, किंवा नुसतं ‘सेड’ वापरा. ‘आय’ म्हणजे तुम्ही नव्हे, तो आहे, म्हणून ‘ही’. ‘सेड’ भूतकाळात आहे, म्हणून ‘विल’चा ‘वुड’. आणि तो ‘उद्या’ आता कदाचित होऊनही गेला असेल, म्हणून ‘टुमॉरो’च्या जागी ‘द नेक्स्ट डे’. झालं: “ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.” त्यानं आजच सांगितलं असेल आणि उद्याचा दिवस खरोखर अजून उगवायचा असेल, तर “ही सेज ही विल कम टुमॉरो” म्हणायला काही हरकत नाही. परीक्षेतल्या इनडायरेक्ट स्पीचच्या प्रश्नात मात्र चारही बदल अपेक्षित असतात.

दुसरं काम कारण जोडण्याचं. “पाऊस होता म्हणून मी आलो नाही.” वर्गात ‘म्हणून’चा अर्थ ‘बिकॉज’ असा पाठ झालेला असतो. तो शब्द मराठीतल्याच जागी बसवला की होतं: “इट वॉज रेनिंग बिकॉज आय डिड नॉट कम.” याचा अर्थ, मी आलो नाही म्हणून पाऊस पडत होता! ‘म्हणून’ कारण संपल्यावर येतो, ‘बिकॉज’ कारण सुरू होण्याआधी येतो. ‘बिकॉज’च्या लगेच पुढे कारणच आलं पाहिजे: “आय डिड नॉट कम बिकॉज इट वॉज रेनिंग.” मराठी वाक्याचा क्रम तसाच ठेवायचा असेल तर ‘म्हणून’च्या जागी ‘सो’ घ्या: “इट वॉज रेनिंग, सो आय डिड नॉट कम.” ‘म्हणून’ म्हणजे ‘सो’, ‘कारण’ म्हणजे ‘बिकॉज’, अशी जोडी पाठ केली तर ही चूक निम्म्यानं कमी होईल.

तिसरं काम हेतू सांगण्याचं. “एसटी चुकू नये म्हणून ती लवकर निघाली.” इथं ‘सो दॅट’ हवं: “शी लेफ्ट अर्ली सो दॅट शी वुड नॉट मिस द बस.” ‘सो’ आणि ‘दॅट’ यांच्यामध्ये विशेषण शिरलं की हेतू जाऊन परिणाम येतो: “द बस वॉज सो क्राउडेड दॅट शी कुड नॉट गेट इन.”

आता ‘की’. “त्यानं विचारलं की तू कुठे चाललास?” ‘की’ म्हणजे ‘दॅट’ असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे “ही आस्क्ड दॅट व्हेअर वॉज आय गोइंग” असं लिहिलं जातं. यात दोन चुका आहेत. ‘व्हेअर’ स्वतःच जोडतो, त्याला ‘दॅट’चा टेकू नको. आणि गौणवाक्यात शिरल्यावर प्रश्नाचा क्रम सुटतो, कर्ता पुन्हा क्रियापदाच्या आधी येतो: “ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.” मराठीत ‘तो कुठे राहतो’ हा क्रम सुट्ट्या प्रश्नातही तोच आणि ‘तो कुठे राहतो माहीत नाही’ यातही तोच. त्यामुळे क्रम बदलायचा असतो हे आपल्या कानाला टोचतच नाही. “टेल मी व्हॉट डिड शी बाय” लिहिणाऱ्यानं ‘डिड’ काढून भूतकाळ क्रियापदातच घालावा: “टेल मी व्हॉट शी बॉट.”

हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर ‘व्हेदर’ किंवा ‘इफ’. “सर आलेत का बघ” याचं “सी व्हेदर सर हॅज कम.”

‘जो–तो’ सोडून नामाला धरा

“व्हिच बस गोज टू खानापूर, दॅट बस इज लेट.” मराठीत ‘जी बस खानापूरला जाते ती’ आधी येते, इंग्रजीत नाम आधी आणि त्याला चिकटून विशेषणवाक्य: “द बस दॅट गोज टू खानापूर इज लेट.” ‘काल आलेला मुलगा’ किंवा कन्नडमधला ‘निन्ने बंद हुडुग’ यांत विशेषणाचा सगळा भार नामाच्या डोक्यावर असतो. इंग्रजीत तो नामाच्या नंतर जातो: “द बॉय हू केम यस्टर्डे.”

“द टीचर हूम आय मेट हिम” मध्ये ‘हूम’ आणि ‘हिम’ एकाच माणसासाठी आलेत. ‘हिम’ काढा. याउलट “द व्हिलेज व्हिच आय लिव्ह” मध्ये एक शब्द हरवलाय. मराठीत ‘ज्या गावात’ म्हणताना ‘-त’ प्रत्यय चिकटून येतो, इंग्रजीत ‘इन’ वेगळा लिहावा लागतो: “द व्हिलेज इन व्हिच आय लिव्ह”, किंवा सरळ ‘व्हेअर आय लिव्ह’. शंका आली तर गौणवाक्य सुटं करून बघा. ‘आय लिव्ह द व्हिलेज’ म्हणता येत नाही, म्हणजे ‘इन’ हवाच. बेळगावच्या १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनावर वाक्य लिहितानाही हेच: “इट वॉज द ओन्ली सेशन दॅट गांधीजी प्रिसायडेड ओव्हर.” शेवटचा ‘ओव्हर’ लोंबकळतोय असं वाटून खोडू नका.

स्वल्पविरामाबद्दल एकच गोष्ट. “द मलप्रभा, व्हिच रायझेस अ‍ॅट कणकुंबी, जॉइन्स द कृष्णा.” मलप्रभा एकच आहे, कुठली ते सांगायची गरज नाही, म्हणून दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. आणि अशा स्वल्पविरामानंतर ‘दॅट’ कधीच लिहू नका, ‘व्हिच’ किंवा ‘हू’ लिहा.

प्रकार ओळखताना

जोडशब्द बघून प्रकार ठरवणं ही सर्वांत महागात पडणारी सवय. “आय नो व्हेन द बस लीव्हज” यात नामवाक्य आहे, “मंडे इज द डे व्हेन द बाजार इज हेल्ड” यात विशेषणवाक्य, “कॉल मी व्हेन द बस लीव्हज” यात क्रियाविशेषणवाक्य. ‘व्हेन’ तिन्हीत तोच. म्हणून गौणवाक्याखाली रेघ मारा आणि त्याच्या जागी ‘समथिंग’ घालून बघा. “आय नो समथिंग” जमलं, तर नामवाक्य. ते न जमता आधीच्या नामाबद्दल ‘कोणता?’चं उत्तर मिळालं, तर विशेषणवाक्य. पूर्ण गौणवाक्य उचलून वाक्याच्या सुरुवातीला नेलं तरी अर्थ शाबूत राहिला, “व्हेन द बस लीव्हज, कॉल मी”, तर बहुधा क्रियाविशेषणवाक्य.

एक जोडी मात्र या कसोट्यांनाही चकवते: “द न्यूज दॅट ही गेव्ह अस वॉज ट्रू” आणि “द न्यूज दॅट ही हॅज पास्ड इज ट्रू.” दोन्हीकडे ‘न्यूज’ला चिकटून ‘दॅट’ आहे, त्यामुळे दोन्हींना विशेषणवाक्य म्हणण्याचा मोह होतो. ‘दॅट’च्या जागी ‘व्हिच’ ठेवून बघा. “द न्यूज व्हिच ही गेव्ह अस” चालतं, कारण ‘गेव्ह’ला कर्म हवं होतं आणि ते ‘व्हिच’नं पुरवलं. ते विशेषणवाक्य. “द न्यूज व्हिच ही हॅज पास्ड” म्हटलं की अर्थ मोडतो, कारण ‘ही हॅज पास्ड’ हे वाक्य आपल्या जागी पुरं आहे आणि बातमी काय ती तेच सांगतं. ते नामवाक्य, ‘न्यूज’चं समानाधिकरण, म्हणजे ‘न्यूज’ आणि ते वाक्य एकाच गोष्टीबद्दल आहेत.