सर्व्हायव्हल किटमधून आधी काय काढून ठेवावे

नाशिककरांना डोंगर जवळ आहे. पहाटे घर सोडले की उजाडता उजाडता अंजनेरीच्या किंवा हरिहरच्या पायथ्याशी पोहोचता येते, आणि सुट्टीच्या दिवशी धोडप, साल्हेर किंवा कळसूबाईही करून रात्री घरी परतता येते. गेल्या काही वर्षांत या वाटांवर येणाऱ्या नवख्या मंडळींच्या सॅकमध्ये एक वस्तू वारंवार दिसू लागली आहे, ती म्हणजे ऑनलाइन मागवलेला, काळ्या प्लास्टिकच्या डब्यातला सर्व्हायव्हल किट. अडचणीच्या वेळेची तयारी ठेवावी ही त्यामागची बुद्धी चांगलीच आहे. मात्र तो डबा ज्या अरण्याचा विचार करून भरलेला असतो ते आपल्याकडचे नव्हे. थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलात, दूरवर माणसाची वस्ती नाही अशा ठिकाणी, आठवडाभर अडकलेला माणूस त्यात गृहीत धरलेला असतो. आपल्या सह्याद्रीत येणारा प्रसंग बहुधा एका रात्रीचा असतो. धुक्यात ढोरवाटेला लागून मूळ वाट हरवते, पाय मुरगळतो, पाणी संपते, उन्हाने भोवळ येते किंवा उतरतानाच अंधार पडतो, आणि खाली पाड्यावरचे दिवे दिसत असूनही मध्ये कडा असल्यामुळे तिथवर जाता येत नाही. त्या एका रात्री जी वस्तू कामाला येणार नाही, ती सॅकमध्ये कशासाठी वाहायची?

म्हणून पुढच्या ट्रेकच्या दोन दिवस आधी घरात चादर अंथरावी, डबा तिच्यावर उपडा करावा आणि एकेक वस्तू हातात घेऊन स्वतःलाच विचारावे, की ही मी आजवर एकदा तरी वापरली आहे का, आणि ओल्या हातांनी, अंधारात, मदतीला कोणी नसताना ती मला वापरता येईल का. दोन्हींचे उत्तर नाही असेल तर वस्तू बाजूला ठेवावी.

सर्वांत आधी सर्पदंशाची पेटी काढावी. बाकीच्या वस्तू फार तर निरुपयोगी ठरतात, ही मात्र अपाय करते. तिच्यात दंशाच्या जागी लावायचा ओढणारा पंप, एक पाते आणि आवळपट्टी असते. विष त्वचेखाली गेल्यावर लगेच पसरू लागते, त्यामुळे पंपाने जे बाहेर येते ते रक्त आणि पेशींभोवतालचा द्रव असतो, विष त्यात नगण्य असते. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, तेव्हा पात्याने दिलेला छेद वाहतच राहण्याची भीती असते. आवळून बांधलेल्या पट्टीने रक्तपुरवठा तुटून हात किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. त्याऐवजी माणसाला धीर द्यावा, झोपवून ठेवावे, अंगठी, घड्याळ, बांगड्या, पैंजण काढावेत, मोडलेल्या हाडाला देतात तसा काठीचा आधार देऊन दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा आणि त्याला चालायला न लावता उचलून खाली आणावे. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, त्यामुळे ओळख पटवण्यासाठी साप मारून किंवा पकडून नेण्याची गरज नसते आणि त्या प्रयत्नात दुसऱ्याला दंश होण्याचा धोका मात्र असतो. त्या पेटीच्या जागी एक चिठ्ठी ठेवावी. आपण जात आहोत त्या गडाला जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते, तिथे प्रतिविष आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारावे आणि तो क्रमांक, 108 आणि 112 असे तिन्ही त्या चिठ्ठीवर लिहावेत.

त्यानंतर तारेची करवत आणि पोकळ मुठीचा मोठा चाकू. करवतीची परीक्षा मी गच्चीवर घेतली होती. मनगटाएवढी जाड, वाळलेली शेवग्याची फांदी पायाखाली धरून दोन्ही कड्यांत बोटे अडकवून ओढायला सुरुवात केली. फांदी अर्धीही कापली गेली नव्हती तोच तार हाताला चटका बसावा इतकी तापली आणि पीळ दिलेल्या जागी एक कडी निसटून आली. शेवग्याचे लाकूड मऊ, तरी ही गत. चाकूच्या पोकळ मुठीत काडेपेटी आणि गळ ठेवायला जागा केलेली असते, पण त्यासाठी पात्याचा मागचा भाग मुठीत शिरताच संपवलेला असतो, त्यामुळे जोर दिल्यावर चाकू नेमका त्या सांध्यातच मोडतो. बँडेज, दोरी किंवा कपडा कापायला बोटभर पात्याचा साधा घडीचा चाकू पुरतो. कुऱ्हाड, फावडे, लटकता मग यांचा तर विचारही करू नये. हरिहरच्या खड्या पायऱ्यांवर खोबणीत बोटे रुतवून चढताना सॅकला बाहेरून लटकणारी वस्तू कातळाला अडकली की तोल मागे जातो, आणि तिथे मागे जायला जागा नसते.

पॅराकॉर्ड म्हणजे बारीक, मजबूत नायलॉनच्या दोरीच्या, मनगटात घालायच्या विणलेल्या कड्याबद्दल मोठा गैरसमज आहे. ही दोरी साधारण 250 किलो वजन पेलते असे म्हणतात, पण तो आकडा स्थिर टांगलेल्या वजनाचा असतो. माणूस घसरल्यावर बसणारा झटका, गाठीमुळे कमी होणारी ताकद आणि कातळाची धार यांपुढे चार मिलिमीटरची दोरी टिकेल यावर जीव टांगू नये. कडे उसवल्यावर दोरी मिळते ती जेमतेम तीन मीटर, आणि एकदा उसवलेले कडे डोंगरात परत विणता येत नाही. आडोशाचे प्लास्टिक ताणून बांधण्यासाठी दहा मीटर साधी नायलॉनची दोरी न्यावी आणि तिच्यावर शरीराचा भार कधीही टाकू नये.

बटणाएवढ्या होकायंत्राचेही तेच. एकाच डब्यातली दोन होकायंत्रे टेबलावर वीतभर अंतरावर ठेवून पाहावीत, दोघांचे उत्तर पुष्कळदा वेगळे निघते. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांजवळ किंवा खिशातल्या मोबाइलशेजारी तर चांगले होकायंत्रही भरकटते. शिवाय उत्तर कुठे आहे हे कळूनही, डोंगराची सोंड कोणत्या बाजूने उतरते हे नकाशावर पाहिलेले नसेल तर त्या माहितीचा उपयोग शून्य आहे. त्याऐवजी घरीच त्या भागाचा नकाशा मोबाइलवर उतरवून घ्यावा आणि चढायला लागताच मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकावा. रेंज नसली तरी जीपीएस चालते; बॅटरी खाते ते रेंजचा सतत चाललेला शोध. पॉवर बँक आणि तिची केबल कोरड्या पिशवीत ठेवावी.

आता आगीबद्दल, कारण किटमधल्या निम्म्या वस्तू तिच्यासाठीच असतात. चकमकीची कांडी, मॅग्नेशियमचा तुकडा, मेणाचे गोळे, भिंग. श्रावणात इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरात एकही काटकी कोरडी मिळत नाही आणि ठिणगीने ओले लाकूड पेटत नाही. उलट फाल्गुन ते वैशाख या काळात गुडघाभर वाळलेल्या गवतात पडलेली एक ठिणगी सबंध डोंगर जाळू शकते. दरवर्षी उतारांवर दिसणारे काळे पट्टे वणव्यांचेच असतात, आणि वनक्षेत्रात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम 1927 नुसार गुन्हाही आहे. तिसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. कड्याच्या पोटात आग्या मोहोळ असेल आणि खालून धूर गेला, तर उठलेल्या माश्यांपासून पळायला अरुंद माचीवर वाट नसते. माझे स्पष्ट मत असे आहे, की आपल्या डोंगरात एका रात्रीसाठी आग हा शेवटचा उपाय मानावा. दोन साधे लायटर आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे झिपच्या पिशवीत ठेवावेत. रबर ओले असले तरी पेट घेते, आणि पावसाळ्यात गुहेत अडकलेल्या माणसाला एवढे साधन पुरेसे आहे.

आग नको म्हटल्यावर ऊब कशी राखायची? डब्यातला चंदेरी ब्लँकेट हे त्याचे पूर्ण उत्तर नाही. घडी असते तेव्हा तो तळहातावर मावतो, उलगडल्यावर वाऱ्यात फडफडतो, आणि करवंदीच्या एका काट्याला अडकला की चीर टोकापर्यंत जाते. वारा नसताना, दोन्ही कडा अंगाखाली दाबून तो लपेटला तर थोडा उपयोग होतो, म्हणून ठेवायचा तर ठेवावा, पण त्याच्यावर विसंबू नये. पावसाळ्यात भिजलेल्या अंगाला वारा लागला की भर ऑगस्टमध्येही शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आधी कोरडा टी-शर्ट आणि लोकरीची टोपी घालावी, मग कचऱ्यासाठी मिळणाऱ्या मोठ्यात मोठ्या जाड पिशवीला तोंडापुरते भोक पाडून ती डोक्यावरून घालावी आणि सॅक बुडाखाली घेऊन बसावे, कारण थंड कातळ अंगातली ऊब भराभर ओढून घेतो. कोरडे कपडे मात्र आधीपासून वेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले असायला हवेत.

पाणी शोषून प्यायची नळी ही वस्तू खोटी नव्हे, पण आपल्या गडांवर अडचणीची आहे. टाक्याच्या शेवाळलेल्या काठावर पालथे पडून तोंड पाण्यापर्यंत न्यावे लागते, आणि ते पाणी बरोबर घेऊन पुढे जाता येत नाही. अशा बहुतेक नळ्या जिवाणू अडवतात, विषाणू नाहीत. दूषित पाण्यातून होणारी कावीळ विषाणूंची असते. टाक्याचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळून बाटलीत भरावे, क्लोरीनची गोळी टाकावी आणि अर्धा तास थांबावे. उन्हाळ्यात मात्र टाक्यांवर भिस्त न ठेवता माणशी किमान तीन लिटर पाणी घरूनच न्यावे आणि ओआरएसची दोन पाकिटे सॅकमध्ये असावीत. एक मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचे असते. अर्ध्या पेल्यात घोळून पाजल्यास अपाय होतो.

मासे धरायचे गळ आणि फासे यांवर फार शब्द खर्च करण्यासारखे नाही. निरोगी माणूस अन्नाविना कित्येक दिवस तग धरतो, वैशाखात ओढे कोरडे असतात, आणि जंगलात फासा लावणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली गुन्हा आहे. त्या जागी गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणि मूठभर खजूर ठेवावेत.

एवढे काढल्यावर डबा जवळजवळ रिकामा होतो. मोकळ्या जागेत डोक्याला बांधायची बॅटरी आणि तिचे जादा सेल ठेवावेत, घोट्यासाठी क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी आणि मोठे गॉज ठेवावे, कारण किटमध्ये येणाऱ्या दहा चिकटपट्ट्या खरचटण्यापलीकडे कामाच्या नसतात. शिट्टी हवीच, पण होकायंत्र आणि थर्मामीटर जोडलेली खेळण्यातली नको. रामशेजच्या पायथ्याशी सोबत्याला उभे करून स्वतः अर्ध्या चढावरून वाजवून पाहावी, आवाज पोहोचला तरच ती सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला बांधावी. आतली गोळी भिजून अडकते, म्हणून गोळी नसलेली शिट्टी घ्यावी. तीनदा वाजवायचे, थोडे थांबून कान द्यायचा, पुन्हा तीनदा वाजवायचे, हे बरोबरच्या प्रत्येकाला पाठ असावे.

चिठ्ठीची दुसरी प्रत घरी ठेवावी आणि तिच्यावर गडाचे नाव, चढायची व उतरायची वाट, बरोबरच्यांची नावे आणि परतीची वेळ लिहावी. पायथ्याच्या वाडीत जिथे गाडी लावतो त्या घरातल्या मावशींना किंवा काकांनाही हेच सांगावे: आम्ही इतके जण वर चाललो आहोत, दिवे लागेपर्यंत खाली नाही आलो तर पोलीस पाटलांना कळवा. उतरल्यावर त्यांच्या दारात जाऊन सगळे आलो असे सांगितल्याशिवाय गाडी सुरू करू नये.