स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला गाण्यानं कसं शांत करावं

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात संध्याकाळचे साडेपाच वाजले की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दाराची कडी चाचपायला लागतात. "घरला जायचं हाय, म्हशी वरडाय लागल्यात." गोठा मोडून तीस वर्षं झाली. सुरुवातीला मी हे समजावून सांगायचे. मग म्हशी विकल्याचं त्यांना दर वेळी नव्यानं कळायचं आणि दर वेळी त्या नव्यानं रडायच्या. समजावणं सोडलं, गाणं धरलं, तेव्हा कुठं संध्याकाळ जरा हलकी झाली. या आजारात सकाळचं जेवण दुपारी आठवत नाही, पण तरुणपणी कानावर पडलेली चाल बऱ्याचदा फार उशिरापर्यंत शाबूत राहते. तिचा आधार कसा घ्यायचा, ते सांगते.

१. त्यांची गाणी शोधा

जन्मसालात आधी दहा मिळवा, मग पंचवीस. या दोन सालांमधलं संगीत माणसाला सगळ्यात घट्ट चिकटलेलं असतं. १९४२ चा जन्म असेल तर १९५२ ते १९६७. पुणे आकाशवाणीवर १९५५ साली गीतरामायण सुरू झालं, ते या पिढीच्या कानात आहे. पण घरात रेडिओ होता का, हे आधी विचारा. आत्याबाईंच्या माहेरी नव्हता. त्यांचं संगीत म्हणजे जात्यावरच्या ओव्या, पंचमीची गाणी आणि देवळातलं भजन. याउलट १८८३ पासून चालत आलेल्या देवल क्लबात मैफली ऐकलेल्या एखाद्या आजोबांना ख्याल किंवा नाट्यपदच लागेल. म्हातारं माणूस म्हणजे भक्तिगीत, असं धरून चालू नका.

बहीण, भाऊ, जुने शेजारी यांना विचारून वहीत दहा-बारा गाणी लिहा. शेजारी एक 'नको' असं पान ठेवा. मी एकदा चांगला म्हणून एक अभंग लावला. आत्याबाईंच्या थोरल्या भावाच्या दिवसकार्यात तोच म्हटला होता, हे मला ठाऊक नव्हतं. रात्री अकरापर्यंत त्या हुंदके देत होत्या आणि का, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. तो अभंग 'नको'च्या पानावर पहिला आहे.

२. खोली तयार करा

टीव्ही बंद. कानाचं यंत्र घातलंय का, त्याचा सेल चालू आहे का, ते बघा. स्पीकर चांगल्या कानाच्या बाजूला, आवाज आपल्या बोलण्याइतका. गाणी मोबाईलमध्ये उतरवून घ्या, कारण डोळे मिटत आले असताना मध्येच जाहिरात किंचाळली की सगळी मेहनत वाया जाते. हेडफोनमुळे काही जण घाबरतात, तेव्हा आधी हातात देऊन बघा.

३. आधी त्यांच्या चालीत चाला

सगळ्यात जास्त चूक इथं होते. माणूस येरझाऱ्या घालतोय, आवाज चढलाय, आणि आपण संथ बासरी लावतो. त्याच्या अंगात जे चाललंय त्याच्याशी तिचा काही मेळच बसत नाही, उलट चिडचिड वाढते. संगीतोपचार करणारे याच्या उलट जातात: आधी मनाच्या वेगाशी जुळणारं संगीत, मग हळूहळू वेग उतरवायचा.

मी आत्याबाईंचं पाऊल बघते. झपाझप चालत असतील तर टाळ-मृदंगाचं ठसक्यातलं भजन लावते आणि त्यांच्याबरोबर चालते. त्यांनी कडीवर हात ठेवला तरी तो काढत नाही. दुसरं भजन जरा मध्यम लयीचं. तोवर पाऊल मंदावलेलं असतं, मग हात धरून पाटावर बसवते. तिसऱ्याला स्पीकर बंद आणि मी स्वतः ओवी गुणगुणते. एवढ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. कडीपाशी जायची वेळ ठरलेली असेल तर अर्धा तास आधीच सुरुवात करा.

हलगी जपून वापरा. खासबागेत कुस्त्या बघत वाढलेल्या आजोबांच्या अंगात ती वारं भरते. दुपारी मरगळून बसलेल्या माणसाला ती छान उठवते, पण झोपायच्या वेळी नको.

४. स्वतः गा

गळा चांगला नसला तरी चालतं, हे मी अगदी मनापासून सांगते. अर्धी ओळ म्हणा आणि थांबा. घाई करू नका, पाच-सहा श्वास जाऊ द्या. पुष्कळदा उरलेली ओळ समोरून येते. अर्धांगवायूनंतर साधं 'पाणी' म्हणता न येणाऱ्या माणसाच्या तोंडूनही भजनाची अख्खी ओळ निघू शकते. गाण्यातले शब्द मेंदू थोड्या वेगळ्या वाटेनं आणतो.

अंघोळीला तर आपला आवाजच उपयोगी. "हात वर करा, पाय पुढं घ्या" अशा सूचनांचा मारा झाला की आत्याबाई तांब्या ढकलतात. मी दळणाची ओवी म्हणत खांद्यावर कोमट पाणी सोडते, तेव्हा त्यांचा उजवा हात खुंटा धरल्यासारखा गोल फिरायला लागतो. तेवढ्यात पाठ धुऊन होते.

५. कधी थांबायचं

बोटं ठेका धरतात, खांदे सैल पडतात, श्वास लांबतो: चालू ठेवा. कपाळाला आठ्या, कानावर हात, तोंड फिरवणं: लगेच बंद. डोळ्यांत पाणी आलं म्हणून घाबरू नका. हात हातात घ्या. रडणं वाढत गेलं तर गाणं बदला. गाणं संपल्यावर लगेच दुसरं लावू नका, शांतताही हवी असते.

आणि एक कळकळीनं सांगते. एरवी शांत असलेलं माणूस अचानक सैरभैर झालं तर गाणं बाजूला ठेवा. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, ताप, कुठंतरी दुखणं, यातलं काहीही असू शकतं. डॉक्टरांना दाखवा.

वृद्धाश्रमात असाल तर सगळ्या दालनाला एकच स्पीकर लावू नका. पाच-सहा जणांना गोल बसवा, हातात टाळ द्या, पहिलं गाणं त्यांनाच विचारा.

वहीतली परवाची नोंद: "५.१० ला सुरू. दोन भजनं, तीन ओव्या. तिसरीत आत्याबाईंनी भावाचं नाव घातलं. कडीकडे गेल्या नाहीत. चहा घेतला, बशीतून."